एका रात्रीत खचलेलं वाशीम स्टेशन

दि. १० डिसेंबर १९७८, रविवार. माझे मेहुणे वसंतराव यांनी आपल्या राहत्या घराचं सगळं सागवान, म्हणजे दारं, चौकटी, खांब, तुळया आणि धाब्याच्या कड्या, तीन हजार चारशे रुपयांना विकायचं नक्की केलं आणि तीनशे एक रुपये इसार घेतला. हजर: स्वतः वसंतराव, त्यांच्या आई, लाकूड घेणारे कारंज्याचे व्यापारी शांतीलालजी आणि लाकूड उतरवायला ठरवलेला सुतार गुलाब. माझी धाकटी बहीण सुमन, म्हणजे वसंतरावांची बायको, त्या वेळी आत चहा करत होती, म्हणून तिची गणना हजर माणसांत झाली नाही.

मीही तिथे नव्हतो. मी दोन दिवसांच्या प्रवासाइतका लांब, आमच्या खाडीच्या तोंडावरच्या बंदर कचेरीत नेहमीसारखा टेबलाशी बसलो होतो. पाच दिवसांनी सुमनचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: "दादा, घर तलावात जाणार. एकवीस तारखेला वाढई येऊन दारं काढणार. त्याआधी एकदा येऊन घर पाहून जा. सासूबाई कोणाशी बोलत नाहीत." वाढई म्हणजे सुतार, हे मला लग्नानंतरच्या तिच्या पत्रांवरून ठाऊक झालेलं होतं.

मी रजा टाकली आणि निघालो. आठवड्याभराने परत आलो तेव्हा बंदरावरच्या प्रत्येकाने विचारलं की वऱ्हाडात गेला होतात तर काय पाहिलंत. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढतो.

वाशीम, मंगळवार

अकोल्याला मोठी गाडी सोडली की पुढे लहान रुळांची गाडी. डबे आमच्या मचव्यातल्या खोलीसारखे अरुंद, पण माणसं ऐसपैस. समोरच्या बाकावरच्या बाईंनी ओळख नसताना माझ्या हातावर भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा ठेवला, आणि मी पाणी मागेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिल्या. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव, मग आडनाव आणि जमलं तर मग चहा विचारतात. इथे आधी खायला देतात आणि गाव नंतर विचारतात.

वाशीमला उतरलो तेव्हा चार वाजायला आले होते. वसंतराव फलाटावर उभे होते. ते वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत गणित शिकवतात आणि तिथून दोन कोसांवरच्या बोरदरी गावात शेती आणि घर सांभाळतात. माणूस शब्दाला पक्का आणि आकड्यांना त्याहून पक्का. आमचं जमतं ते त्यामुळेच. त्यांनी माझी पिशवी घेतली आणि प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधीच मला स्टेशनच्या नावाच्या पिवळ्या फलकापाशी नेलं.

"दादा, हे वाचा," ते म्हणाले.

गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली होती, तशी ती सगळ्याच स्टेशनांवर असते. वसंतरावांनी खिशातून एक पितळी डबी काढली. खिशातल्या घड्याळापेक्षा थोडी मोठी, काचेखाली एकच काटा, भोवती मीटरचे आकडे. गावातल्या एका निवृत्त फौजी माणसाकडून त्यांनी ती मागून आणली होती. डोंगरावर चढताना किती उंच आलो ते या डबीवरून कळतं. आकड्यांची कडी बोटाने फिरवता येते. माहीत असलेल्या उंचीच्या जागी उभं राहून कडी त्या आकड्याला लावायची. मग पुढे जिथे जाल तिथली उंची काटा दाखवतो.

"मी असंच केलं होतं," ते म्हणाले. "इथीसा उभं राहून काटा फलकाशी जुळवला. यस्टीनं घरी गेलो. पोचलो तं अंधार पडला होता, काटा धड दिसेना. म्हटलं अंदाजानं वाचाचं नाई. सकाळी उन्हात, घराच्या जोत्यावर ठेवून वाचलं. चारशे एकोणनव्वद."

आता तलावाचं सांगतो. बोरदरीच्या ओढ्यावर खाली एक धरण बांधायचं काम सुरू आहे. धरण टेकडीच्या वळणापलीकडे आहे, घरावरून दिसत नाही. तलाव पूर्ण भरला की पाणी समुद्रसपाटीपासून पाचशे पाच मीटरवर उभं राहील, एवढंच गावाला सांगण्यात आलं होतं. कुणाचं काय बुडणार ते मोजणारी माणसं अजून गावापर्यंत पोचली नव्हती. लोक आपापल्या डोळ्यांनी अंदाज करत होते. कोणी म्हणत होतं ओढ्याकाठच्या बाभळींपर्यंत, कोणी म्हणत होतं मारुतीच्या पारापर्यंत. वसंतरावांना अंदाज नको होता. पाचशे पाचातून चारशे एकोणनव्वद गेले, उरले सोळा. घराच्या जोत्यावर सोळा मीटर पाणी.

"अन् थांबून काय करता?" ते म्हणाले. "शेजारच्या तलावाच्या वक्ती लोक थांबले. मंग साऱ्यायनं एकदम लाकूड काढलं, कोनी घेईना. सागाच्या कड्या चुलीत गेल्या."

मी त्यांची वजाबाकी पुन्हा करून पाहिली. बरोबर होती. माझ्यासमोर त्यांनी डबीची कडी फिरवून काटा फलकावरच्या आकड्याला परत लावून दाखवला. हात अगदी स्थिर. यात मला कुठेही खोट काढता येईना, आणि खरं सांगायचं तर काढायची इच्छा घेऊनच मी एवढ्या लांब आलो होतो.

या सगळ्यात मालेगावची गाडी निघून गेली. स्टँडवर चौकशीच्या खिडकीतला माणूस शांतपणे म्हणाला, "आता सकाळची. जाऊन जाऊन कोठी जाता? झोपा." आम्ही स्टेशनजवळच्या एका खानावळीच्या माडीवर जागा घेतली. जेवणात वांग्याची तर्रीदार भाजी, ज्वारीच्या भाकरी आणि कच्चा कांदा. भाताची मूद शेवटी आली, तीही माझ्याकडे पाहून. वसंतराव फारसे जेवले नाहीत. मालेगावला भाड्याच्या दोन खोल्या पाहून ठेवल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. गोठ्याचं काय, असं मी विचारलं. "बैल इकावे लागतील," एवढं बोलून ते हात धुवायला उठले.

वाशीम, बुधवार

मला पहाटे जाग येते. बंदरावर सकाळचे आकडे मीच टिपतो, ती सवय. चहा घेऊन, वसंतरावांना बरोबर घेऊन, गाडीला वेळ होता म्हणून पुन्हा फलाटावर फिरायला गेलो. नऊ वाजले असतील. हवा स्वच्छ, ऊन कोवळं, फलाटावर तुरीच्या शेंगांची पोती. मी सहज म्हटलं, "डबी बघू."

काटा फलकाच्या आकड्यापेक्षा चोवीस मीटर खाली होता.

वसंतरावांनी काचेवर टिचकी मारली. काटा जरासा थरथरला आणि तिथेच राहिला. आम्ही फलकाच्या अगदी बुंध्याशी जाऊन उभे राहिलो, जिथे काल उभे होतो त्याच फरशीवर. चोवीस मीटर खाली. कडी कोणी हलवली नव्हती; डबी रात्रभर वसंतरावांच्या उशाखाली होती.

"म्हंजे रातीतून वाशीम खचलं?" ते म्हणाले. मला हसू आलं, पण त्यांना आलेलं नव्हतं. "यंत्र बिघडलं दादा. फौजीनं बिघडलेलं यंत्र देलं मले."

"बिघडलं असेल तर तुमचा चारशे एकोणनव्वदही बिघडलेला," मी म्हटलं.

"अन् बिघडलं नसेल तं?"

बिघडलेलं यंत्र घर बुडणार नाही असं थोडंच सांगतं. ते काहीच सांगत नाही. शेवटी गाडीत बसून आम्ही मालेगाव गाठलं. तिथे बाजाराचा दिवस असावा. सायकली, बैलगाड्या, एका मोटारसायकलवर तीन माणसं आणि एक बकरी. वसंतरावांनी सुमनसाठी सुया आणि आईसाठी तंबाखू घेतली. तिथून बोरदरीपर्यंत ओळखीच्या एका बैलगाडीतून.

वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी आणि कापूस. वेचणीच्या बायका ओढणीसारखं फडकं कमरेला बांधून त्यात कापूस भरत होत्या. जमीन काळी, तापलेली आणि इतकी मोकळी, की मला पहिला अर्धा तास क्षितिजावर शिडं शोधायची सवय आवरावी लागली.

बोरदरी, बुधवार दुपार ते संध्याकाळ

घर गावाच्या कडेला, ओढ्याकडच्या उतारावर एकटं आहे. सुमनच्या लग्नात आलो होतो तेव्हा मांडवामुळे ते नीट दिसलंच नव्हतं. आता पाहिलं. दगडी जोतं, मातीच्या जाड भिंती, पुढच्या दाराला एकाच झाडाची चौकट. दाराच्या फळ्या तेलाने काळ्या झालेल्या.

सुमन बाहेर आली. "दादा, तू वाळून गेला ना रे. काहून इतका उशीर? काल वाट पाहून राह्यलो होतो आमी." कोकणातली माझी बहीण एकोणीस वर्षांत पुरती वऱ्हाडी झाली आहे. मी आमच्या बोलीत बोलतो, ती तिच्या. आणि घरातले बाकीचे आम्हा दोघांचं भांडण चाललंय की काय म्हणून पाहतात.

जेवायला रोडगे केले होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून त्यावर तूप, सोबत वांग्याची भाजी. मी दोन संपवले आणि तिसऱ्याला हात आडवा केला.

"मासोळी नाई म्हून जात नाई वाटते," वसंतरावांच्या आई म्हणाल्या. पत्रात म्हटल्याप्रमाणे त्या कोणाशी बोलत नव्हत्या. माझ्याशी बोलल्या म्हणून सुमनने माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. ओढ्यापलीकडे सूर्य खाली जात होता. आई शेंगा सोलत होत्या. वसंतराव डबी समोर ठेवून तिच्याकडे बघत बसले होते.

"भाऊ," आई म्हणाल्या, "तुमी समुद्राजोळ राह्यता. हे वसंता सांगते, आपलं घर समुद्राहून इतकं उंच, तलाव इतका उंच. मले सांगा, समुद्र सपाट असते का?"

"सपाट म्हणजे, दिसतो सपाट," मी म्हटलं. "पण एका जागी राहत नाही. दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. आमच्या धक्क्यापाशी पाण्यात आकडे घातलेला खांब आहे. भरतीला पाणी माझ्या डोक्याच्या वर असतं, ओहोटीला त्याच जागी पोरं चिखलात शिंपल्या वेचतात."

त्यांचे हात थांबले. "मंग हे कोन्त्या येळच्या पान्यापासून मोजलं?"

वसंतराव हसले. "आई, तसं नसते ते. सरासरी काढतेत."

ते बरोबरच बोलले. मोठ्या बंदरांवर वर्षानुवर्षं असा खांब वाचून पाण्याची सरासरी काढतात आणि तिला समुद्रसपाटी म्हणतात. मग मोजणीदार तिथून दुर्बीण आणि पट्टी घेऊन टप्प्याटप्प्याने देशभर चालत जातात, आणि स्टेशनच्या फलकावरचा आकडा अशा चालत आलेल्या मोजणीतून उतरलेला असतो. हे सगळं मी आईंना सांगत होतो आणि सांगता सांगता माझंच बोलणं मधेच तुटलं. कारण त्यांचा प्रश्न समुद्राला लागू नव्हता, पण समोरच्या डबीला लागू होता. कोणत्या वेळचं?

ही डबी काही वाशीमहून बोरदरीपर्यंत चालत मोजणी करत आलेली नव्हती. तिला समुद्र ठाऊकच नाही. तिच्या पोटात हवा काढून घेतलेली एक पातळ पत्र्याची डबी असते. बाहेरची हवा तिला किती दाबते एवढंच ती सांगते. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, म्हणून दाब कमी दिसला की काटा म्हणतो तुम्ही वर चढलात. थोडक्यात, आमच्या कचेरीच्या भिंतीवर असतो तोच वायुभारमापक. फक्त तबकडीवर दाबाचे आकडे न लिहिता मीटर लिहिलेले, म्हणून मी त्याला ओळखलं नव्हतं. आणि भिंतीवरचा तो मापक मी वीस वर्षं रोज सकाळी आणि रोज दुपारी वाचतो. वादळ नसलं, आभाळ निरभ्र असलं, तरी सकाळी नऊ-दहाला तो चढलेला असतो आणि दुपारी चारला उतरलेला. हवेलाही भरती-ओहोटी असते. कचेरीतले आम्ही ती इतकी गृहीत धरतो की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही.

"वसंतराव," मी म्हटलं, "फलकाशी काटा जुळवलात तेव्हा किती वाजले होते?"

"कालच्यासारखेच. चार."

"आणि जोत्यावर वाचलात तेव्हा?"

"सकाळी. नऊ, सव्वानऊ."

मी त्यांना समजावलं. दुपारी चारला हवेची ओहोटी. त्या वेळी काटा फलकाशी जुळवला. सकाळी नऊला हवेची भरती. दाब वाढला, आणि डबीला वाटलं आपण खाली उतरलो. आज सकाळी वाशीमच्या फलाटावर ती चोवीस मीटर खाली उतरली ती अशी. त्या दिवशी तुमच्या जोत्यावरही ती तशीच उतरली असेल. तुम्ही अंधारात अंदाजाने वाचलं असतंत तर एवढी चूक झाली नसती.

वसंतरावांनी काडीने मातीत आकडे लिहिले. चारशे एकोणनव्वद अधिक चोवीस, पाचशे तेरा. पाचशे तेरा वजा पाचशे पाच, आठ.

"आठ मीटर वर," ते म्हणाले. आणि लगेच काडीने ते पुसलं. "पन त्या दिवसाची हवा आजच्यासारखीच असेल कशावरून? तुमच्या भरवशावर घर ठेवू, अन् पानी आलं तं? उद्या वाढई येते."

त्यांचं बरोबर होतं. चोवीस हा आजचा आकडा होता, त्या दिवशीचा नव्हता. हे मीच त्यांना सांगायला हवं होतं.

आईंनी शेंगांचं सूप उचललं. "मले यातलं काई समजत नाई," त्या म्हणाल्या, "पन मी म्हनलं होतं ना, कोन्त्या येळचं ते इचारा."

धरणाची जागा, गुरुवार

गुलाब वाढई सकाळीच आला. अंगाने बारीक, कानावर पेन्सिल, बरोबर पहारी आणि दोर. वसंतरावांनी त्याला दुपारपर्यंत थांब म्हटलं.

"मास्तर, मी थांबतो, पन माझी रोजी थांबते का?" तो म्हणाला. "कारंज्याचा टरक उद्या येते. एवढे खांब एका दिवसात कसे उतरवू? दार तं काढतो. दारानं काई बुडत नाई."

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. दार काढायला सुरुवात झाली. आम्ही दोघं टेकडीकडे निघालो तेव्हा मागून चौकटीत पहार शिरल्याचा आवाज येत होता, आणि वसंतराव मागे न बघता चालत होते.

धरणाच्या जागी ओव्हरसियरचा तंबू होता. तंबूशेजारी एक दगड पुरलेला, त्यावर रंगाने त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. ही दुर्बीण-पट्टीने चालत आणलेली उंची. माझा बेत साधा होता. डबी त्या दगडाशी जुळवायची, ताबडतोब घरी जाऊन जोत्यावर वाचायची आणि लगेच परत येऊन दगडाशी पुन्हा ताडून पाहायची. मधल्या वेळात हवा किती हलली ते त्यावरून कळेल, आणि तेवढं वजा-अधिक करता येईल.

ओव्हरसियर साताऱ्याकडचे, तरुण, उन्हाने काळवंडलेले. आमचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

"डबीनं?" ते म्हणाले. "अहो, माझ्याकडे दुर्बीण असताना डबीनं कशाला?"

"तुमची माणसं आमच्या बाजूले आली नाहीत ना साहेब," वसंतराव म्हणाले.

"आली की. काल संध्याकाळी तुमच्या ओढ्याच्या तोंडापर्यंत चुना मारत आलोय. आज पुढे तिकडंच निघालो होतो. चला, बरोबरच जाऊ. वाटेत तुमचं घर दाखवा."

बेत डबीचा होता, काम दुर्बिणीने झालं. तरी मी डबी दगडाशी जुळवून घेतली, कारण एवढ्या लांब येऊन ताडून न पाहणं मला जमलं नसतं.

ओव्हरसियरची दोन माणसं पुढे होती. एकाकडे पट्टी, दुसऱ्याकडे चुन्याचं डबडं. जिथे पाचशे पाचची रेघ येते तिथे झाडावर किंवा दगडावर चुन्याचा पट्टा ओढायचा. आम्ही ओढ्याच्या काठाने वर आलो. एका बाभळीवर पट्टा, पुढे एका काळ्या धोंड्यावर पट्टा. वसंतराव प्रत्येक पट्ट्यापाशी थांबून वर बघत होते, पण वळणामुळे घर दिसत नव्हतं. मग वळण संपलं.

ओव्हरसियरांनी दुर्बीण लावली, पातळी साधली आणि पट्टीवाल्याला हाताने खालीवर करायला लावलं. पट्टीवाला मागे सरत सरत वसंतरावांच्या शेताच्या खालच्या बांधाला येऊन थांबला. तिथल्या बाभळीच्या बुंध्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, चुन्याचा पट्टा बसला.

घर तिथून वर होतं. मधे सगळं शेत, मग विहीर, मग गोठा, मग जोतं. जोत्याच्या वर दाराच्या जागी एक काळं भगदाड दिसत होतं.

"हे घर तुमचं?" ओव्हरसियर म्हणाले. "याला काय होतंय? बांधावरचं कुंपण तेवढं आत घ्या. आणि घराचं दार कुठं गेलं?"

वसंतराव बांधावर खाली बसले. उन्हात चालून माणूस बसतो तसे बसले, पण बराच वेळ उठले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहायचं नाही म्हणून डबी काढली आणि जोत्याकडे चालू लागलो. जोत्यावर काटा पाचशे दहा आणि पाचशे पंधराच्या मधे होता. ओव्हरसियरांनी नंतर पट्टीने मोजून पाचशे बारा सांगितलं. आईंनी मला विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "सात मीटर वर. म्हणजे पाणी तुमच्या बांधापाशी, आणि तुम्ही ओट्यावर बसून ते बघाल."

"मंग सुमन," त्या आत वळून म्हणाल्या, "चहा टाक. साऱ्यायले. त्या चुनेवाल्यालेबी."

सुमन बाहेर आली नाही. आत भांडी वाजत होती, नेहमीपेक्षा जास्त. थोड्या वेळाने चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे धुराने होतात तसे लाल झाले होते, आणि त्या चुलीला धूर नव्हता.

कारंजा, शुक्रवार

ट्रक निघायच्या आत कारंज्याला पोचायचं म्हणून पहिल्या गाडीने शेलूबाजारमार्गे गेलो. जुनं व्यापारी गाव. अरुंद गल्ल्या, कापसाच्या गाड्यांची रांग, धान्याच्या गोण्या, मधेच जैन मंदिरांचे दरवाजे. लाकडावर कोरीव काम असलेलं एक मंदिर वसंतरावांनी मला आवर्जून दाखवलं. काल जे घडलं त्यानंतर मला तिथल्या खांबांपेक्षा चौकटीच जास्त दिसत होत्या.

शांतीलालजी दुकानात गादीवर बसले होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी, समोर तांब्या. वसंतरावांनी इसाराचे पैसे रुमालात बांधून आणले होते. सौदा मोडायचा म्हणजे दुप्पट द्यावे लागतील अशी धास्ती त्यांना होती, आणि तेवढे बरोबर नव्हते. त्यांनी सगळी हकिगत सांगितली. शांतीलालजींनी डबी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"म्हंजे हे सकाळी एक सांगते अन् दुपारी दुसरं?"

"हौ."

"अच्छा झालं आमचा काटा असा नाही," ते म्हणाले. "नाही तं शेतकरी सकाळी कापूस मोजून देतील अन् दुपारी मले मारतील." गादीवरचा मुनीम हसला. मग त्यांनी वसंतरावांचा रुमाल उघडून पैसे मोजायला सुरुवात केली, आणि मधेच थांबून विचारलं, "घर खरंच राह्यलं ना मास्तर? पक्कं मोजलं? नाही तं पुढच्या साली परत येसाल लाकूड घेऊन, अन् मी म्हनीन भाव पडला."

"साहेबानं चुना मारला शेठ. डोयानं पाह्यलं."

"मंग खतम." त्यांनी तीनशे एक रुपये मोजून घेतले, वर एक पैसा मागितला नाही. ट्रकवाल्याला निरोप गेला. संध्याकाळी जेवून जा म्हणाले, म्हणून दिवस गावातच काढला. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांच्या घरचा नियम, म्हणून पाच वाजताच पानं वाढली: कांदा-लसणाशिवायची तूरडाळ, भाकरी, घट्ट दही. आमच्याकडे संध्याकाळी पाच म्हणजे मासे उतरायची वेळ; त्या वेळी कोणी जेवायला बसलं तर आजारी आहे असं समजतात. वसंतराव मात्र त्या दिवशी पोटभर जेवले. मंगळवारपासून पहिल्यांदाच.

बोरदरी, शनिवार

मी निघायचा दिवस. गुलाब वाढई पुन्हा आला होता. गुरुवारी त्याने काढलेलं दार, चौकटीसह, अंगणात आडवं पडलेलं होतं. दोन रात्री दाराच्या जागी चादर टांगून घरातले झोपले होते.

"काढाचं सोपं होतं," तो म्हणाला. "बसवाचं म्हंजे भिंतीची माती, चौकटीचा ओळंबा, सारं नवं."

"तूच काढलं ना बाबू," आई म्हणाल्या.

"तुमीच काढाले बोलावलं ना आजी."

मी ओळंब्याची दोरी धरली, वसंतरावांनी चौकट. दुपारपर्यंत चौकट उभी राहिली, भोवती ओली माती लिंपली, आणि फळ्या बसवल्या. गुलाबने दार लावून पाहिलं. खालून घासत होतं. पुन्हा काढून रंधा मारला. मग ते आवाज न करता लागलं. त्याने ते उघडलं, लावलं, परत उघडलं.

मजुरी विचारली. काढायचे आठ आणि बसवायचे चौदा, असं तो म्हणाला. वसंतराव खिशात हात घालत होते, पण आईंनी त्यांना थांबवलं, कमरेची चंची सोडली आणि ओट्यावर बसून पैसे मोजले. काढायचे आणि बसवायचे मिळून बावीस रुपये त्यांनी गुलाब वाढईच्या हातावर ठेवले.